विझायलाच हवा तो दिवा

जेवायचं टेबल जेवण्यासाठी असतं, एवढी साधी गोष्ट चौपन्न वर्षांच्या माणसाला सांगावी लागते, याचा मुकादमबाईंना भयंकर संताप आला होता. अकरा दिवस झाले, त्यांचा थोरला मुलगा टेबलभर तारा, बटणं आणि दिवे मांडून बसला होता. हाक मारली तर ओ नाही. ताट समोर ठेवलं तर कोपराने बाजूला सारायचा. मुकादमबाई आणि सून, दोघींना ताटं मांडीवर घेऊन जेवावं लागत होतं.

"हे घर आहे की भंगाराचं दुकान?" त्या विचारायच्या.

"आई, शुक्रवारी परीक्षा आहे," थोरला मान वर न करता म्हणायचा.

परीक्षा होती हे खरंच. एकतीस वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करत आला होता. लिफ्टच्या माथ्यावरच्या खोलीत रिलेंचं कपाट असायचं. वीज आली की रिलेतली पट्टी टक् करून चिकटायची, गेली की सुटायची. नुसत्या टकटकीवरून कुठला रिले आजारी आहे ते तो जिन्यातूनच सांगायचा. आता कंपनी ती सगळी कपाटं उपटून कॉम्प्युटरची पेटी बसवत होती. कॉम्प्युटर मुळात चालतो कसा, हे ज्याला शिकता येईल तो राहणार, बाकीच्यांनी हत्यारं जमा करून घरी बसायचं. आणि मुकादमबाईंनी, कोणी विचारलेलं नसताना, शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं की आमचा पहिला येणार.

त्यांची स्वतःची शाळा तिसरीतच सुटली होती. पण इस्पितळाच्या धुलाईघरात त्यांनी वीस बायकांवर हुकूम गाजवला होता, तेव्हा आपल्याला न कळण्यासारखं जगात फारसं काही नाही, असं त्यांचं मत होतं. कंपनीच्या शिकवणाऱ्या बाईंनी दिलेला धडा सुनेने मोठ्याने वाचला, तेव्हा तो त्यांना भाजी निवडता निवडता कळलाही. यंत्राला दोनच गोष्टी समजतात. वीज आहे म्हणजे एक, वीज नाही म्हणजे शून्य. दोन बटणं, दोन दिवे. एक बटण दाबलं की उजवा दिवा लागतो. दोन्ही दाबली की उजवा विझतो आणि डावा लागतो, कारण हातचा तिकडे गेला; डावा म्हणजे दोन.

"म्हणजे आपल्यासारखंच की! फक्त नवापर्यंत जायचा धीर नाही मेल्याला. एकावरच हातचा घेतो."

सून हसली. थोरल्याने दोन्ही बटणं दाबली. टक्, टक्. उजवा दिवा विझला, तसा त्याचा हात स्क्रूड्रायव्हरवर गेला.

"अरे, काय करतोस?"

"विझला ना. तार सैल असेल."

"विझायलाच हवा तो!"

"हो, हो. माहीत आहे."

तोंडाला माहीत होतं. हाताला नव्हतं. त्याच्या धंद्यात वीज गेली याचा एकच अर्थ. दार लागलेलं नाही, काहीतरी तुटलंय, आत माणूस अडकलाय. विझलेला दिवा दिसला की तो लावायचा, यावरच त्याने नाव कमावलं होतं. विझलेला दिवा हेही उत्तरच, हे डोक्यात शिरायचं, पण बोटांपर्यंत उतरायचं नाही.

"आमच्याकडे खुंट्यांचा फळा होता," मुकादमबाई म्हणाल्या. "वॉर्डाची खुंटी रिकामी, बिल्ला काढलेला, म्हणजे धुतलेलं गाठोडं पोचलं. रिकामी खुंटी बघून मी काय बोंबलत सुटायचे?"

थोरल्याने पहिल्यांदाच मान वर केली. "आई, खुंटीत माणूस अडकत नाही."

मुकादमबाईंनी निवडलेलीच भाजी पुन्हा निवडायला घेतली. असं वर्षातून एखादे वेळी व्हायचं.

गुरुवारी त्या आमटीचा डाव घेऊन त्याच्या शेजारीच बसल्या. दिवा विझला आणि हात हलला की फटका. सून म्हणाली, "आई, अहो, नातवंडं झाली त्यांना!" तरी फटके चालूच. दुपारपर्यंत हात थांबला. मुकादमबाईंनी विजयाने टेबलाखाली पाहिलं, तर त्याने दोन्ही हात गुडघ्यांत घट्ट दाबून धरले होते. डाव त्यांनी स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. समोरच्या शेजारणीला मात्र त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं, "पहिला येणार."

शुक्रवारी दुपारी तो हत्यारांच्या पिशवीशिवाय घरी आला. पाणी प्याला आणि कोणी न विचारताच बोलायला लागला.

"तीन पाट्या होत्या, इथल्यासारखीच बटणं, दिवे, तारा जोडलेल्या. दोन धड, एक बिघडलेली. बिघडलेली शोधायची आणि तेवढीच उघडायची. पहिलीवर मी दोन्ही बटणं दाबली. उजवा विझला, डावा लागला, पाटी धडच होती. पुढचं मला नीट आठवत नाही. भानावर आलो तेव्हा पाटी उघडी होती आणि दोन्ही दिवे लागले होते." त्याने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "बरं वाटलं, आई. खरं सांगतो."

"आणि त्या बाई?"

"त्यांनी विचारलं, काका, एक आणि एक किती? मी म्हटलं, दोन. त्या म्हणाल्या, तुमची पाटी तीन सांगतेय."

कोणी हसलं नाही.

"सोमवारी पुन्हा बसता येतं," तो म्हणाला. "शेवटचं. पिशवी तोवर त्यांच्याकडे. नाव देऊ का?"

सून सासूकडे बघत होती. दे म्हणा, एवढंच तिच्या तोंडावर होतं. मुकादमबाईंनी थोरल्याच्या हातांकडे पाहिलं. अंगठ्याजवळ डावाचा वळ अजून लाल होता. दे म्हणायला त्यांचं काहीच जात नव्हतं. दोन दिवस घर आशेवर राहिलं असतं.

"नको देऊस," त्या म्हणाल्या. "धडा तुला येतो, त्यात तू कमी नाहीस. पण सोमवारीही तू धड पाटीच उघडशील, आणि त्याच्या पुढच्या सोमवारीही. तुला विझलेला दिवा बघवत नाही, आणि त्यांना तो बघू शकणारा माणूस हवाय. तो तू नाहीस. आणि आता होणारही नाहीस."