नमुन्यातलं वजन

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी डायलिसिस विभागातल्या टॅबलेटवर आठही रुग्णांच्या कार्डांवर लाल फुली आली.

कार्डाचं काम एकच होतं. रुग्णाच्या आजच्या वजनातून त्याचं अंगात जादा पाणी नसतानाचं वजन वजा करायचं आणि मशीनने किती पाणी काढायचं तो आकडा दाखवायचा. विभागाच्या टेक्निशियनने हे अ‍ॅप कोड न लिहिता, तयार तुकडे जोडून बनवलं होतं. तीन महिन्यांपासून कागदावरची वजाबाकी बंद होती.

फुलीवर बोट ठेवलं की एक ओळ उमटायची: ‘इथे संख्या हवी, मजकूर आला आहे.’ ती वजाबाकीच्या फॉर्म्युल्याकडे बोट दाखवत होती. टेक्निशियनने तो फॉर्म्युला तीनदा पुसून पुन्हा लिहिला. वजनांच्या नोंदी तपासल्या. सगळीकडे संख्याच होत्या.

“काय रे भाच्या, तुझं यंत्र अजून झोपलंय वाटतं?” चार नंबरच्या खुर्चीवरून मामांनी विचारलं. ते त्याचे सख्खे मामा. आठवड्यातून तीनदा यायचे.

“मामा, जरा दम धरा.”

“दम लागतोय म्हणूनच आलोय ना!”

पावणेआठला त्याने फॉर्म्युल्यात एक अट घातली: वजाबाकी जमली नाही, तर मागच्या वेळचा आकडा दाखव. फुल्या घालवायच्या आणि खरी चूक निवांत शोधायची, असा त्याचा विचार होता. फुल्या गेल्या. आठ आकडे दिसले. सिस्टरांनी ते मशीनवर लावले. तेवढ्यात सहा नंबरच्या मशीनचा अलार्म वाजला आणि शोधायचं राहून गेलं.

बारा वाजून दहा मिनिटांनी मामा उठले. “पाय अजून जडच आहेत रे.”

“आकड्याप्रमाणे काढलंय, मामा.”

“पाय तुझे की माझे?”

“तुमचेच. घरी जाऊन पडा आता.”

पावणेएकला इन्चार्ज सिस्टर दुपारच्या पाळीवर आल्या आणि त्यांनी रजिस्टर उघडलं.

“अहो, हे सगळे आकडे शनिवारचेच कसे?”

टेक्निशियनने अटीचं सांगितलं. मग विचारलं, “काल कार्डाला कुणी हात लावला होता?”

“मी. नव्या मुलींना शिकवायचं होतं. कार्डात तुम्ही नमुन्याचा पेशंट ठेवलाय ना, त्याच्या वजनात साठ किलो लिहिलेले. ते खोडून ‘वजन घेणे बाकी’ लिहिलं. नमुनाच तर होता, खरा पेशंट थोडाच!”

अ‍ॅप त्या नमुन्यावरूनच ठरवतं की वजनाच्या जागी संख्या येणार की शब्द. शब्द दिसल्यावर त्याने खरी वजनंही नाकारली आणि खापर फोडलं वजाबाकीवर.

“हे तुम्हाला माहीत होतं?” सिस्टरांनी विचारलं.

“होतं. तुम्हाला सांगितलं नव्हतं. आणि सकाळी माझ्याही डोक्यात आलं नाही.”

त्याने नमुन्यात पुन्हा साठ लिहिलं, अट काढून टाकली. कार्डांवर खरे आकडे आले. सात जणांच्या खऱ्या आणि शनिवारच्या आकड्यांत अर्ध्या किलोच्या आतला फरक होता. मामांच्या अंगातून तीन किलो चारशे ग्रॅम पाणी काढायला हवं होतं. काढलं होतं एक किलो शंभर.

राहिलेलं पाणी छातीत भरू शकतं, म्हणून डॉक्टरांनी मामांना लगेच परत बोलावून घ्यायला सांगितलं. चार नंबरचं मशीन मोकळं ठेवलं. दुपारच्या पाळीची वजाबाकी कागदावर सुरू झाली.

दीड वाजेपर्यंत बाकी सातही जणांशी बोलणं झालं. कुणाला त्रास नव्हता. मामांचा फोन नुसता वाजत होता. टेक्निशियनने मामींना त्यांच्या ऑफिसच्या फोनवर गाठलं. “त्यांना काय झालंय?” त्यांनी विचारलं. “आधी घरी जा, मामी,” तो म्हणाला.

दोन वाजून पंचवीस मिनिटांनी मामींचा फोन आला. दाराला बाहेरून कुलूप होतं. त्यांनी आपल्या किल्लीने उघडलं, तर घरात कुणी नव्हतं. मोबाइल टेबलावर वाजत होता. शेजारच्या बाईंनी मामांना एकच्या सुमारास जिना उतरताना पाहिलं होतं; कुठे निघालेत ते त्यांना ठाऊक नव्हतं. दर दोन-तीन पायऱ्यांवर ते थांबत होते.