उन्हात ठेवलेल्या बाटल्या

वडनेरात मनकर्णाबाईच्या अंगणात विहीर होती म्हणून त्या घराला माणसांचा वावर होता, नाहीतर तिथं कुत्रंही फिरकलं नसतं. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. पण सकाळी बाया घागरी घेऊन आल्या की कुणाची सून रुसली इथपासून हिंगणघाटच्या बाजारापर्यंत बोलणं चालायचं, आणि म्हातारीचा दिवस त्यावर निघायचा.

अठ्ठ्याहत्तर साली शेजारच्या कोकिळेनं मोठ्या हौसेनं संडास बांधला. पुढं पोरांना जुलाब सुरू झाले, तेव्हा सेवाग्रामहून प्रेमदास नावाचा तपासनीस आला. त्यानं संडासाच्या खड्ड्यात नारिंगी पूड ओतली. खड्ड्यातलं पाणी विहिरीत झिरपत असेल, तर ती पूड तिथं पोचून जांभळ्या दिव्याखाली हिरवी चमकणार होती.

"आजी, आठ दिवस रोज एक बाटली भरून अंधारात ठेवजा. उनात ठेवाल तं चमक मरते. तोवर समद्यांनी पाणी उकळून प्या."

"अन् चमकलं तं?"

"तं विहीर बंद."

सहा बाटल्या नितळ निघाल्या. सातव्या-आठव्या दिवशी पाण्याला पोपटी झाक आली, बघायची नसेल त्याला दिसणार नाही इतकीच. विहीर बंद झाली तर मनकर्णाबाईच्या अंगणात कोण येणार? जन्मात कुणाची काडी न उचललेली बाई, पण तिनं त्या दोन बाटल्या दोन दिवस छपराच्या कवेलूंवर कडक उन्हात ठेवल्या.

प्रेमदासनं परत येऊन घोंगडीखाली दिवा लावून पाहिलं. एकही बाटली चमकली नाही.

"पाणी साफ हाय," तो म्हणाला. बाया हसल्या. कोकिळेनं लगेच पोहरा ओढला आणि ओंजळ भरून लेकीपुढं वाकली.

"थांब! नोको पाजू तिले!" म्हातारी ओरडली. "म्या बाटल्या उनात ठेवल्या होत्या."

पोहऱ्यातलं पाणी दिव्याखाली धरलं, तर हिरवंगार. कुणी तिला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बायांनी रिकाम्या घागरी उचलल्या आणि प्रेमदासनं विहिरीवर फळ्या ठोकल्या.

बाया देवळाजवळच्या विहिरीवर जाऊ लागल्या. म्हातारीला एवढ्या लांबून घागर आणणं झेपेना, म्हणून कोकिळा रोज सकाळी एक घागर दाराशी ठेवायची आणि मुकाट्यानं जायची. रागावली होती, आणि तो तिचा हक्कच होता.

दुपारी मनकर्णाबाई ती घागर वांग्यांच्या वाफ्यात ओतायची. संध्याकाळी हाक द्यायची, "कोकिळे, पाणी सरलं वं." कोकिळा दुसरी घागर आणायची. तेवढंच दोनदा माणसाचं तोंड दिसायचं.

आठेक दिवसांनी कोकिळेनं घागर ठेवली आणि वाफ्याकडे पाहिलं. भर उन्हाळ्यात वांगी तरारली होती. ती पायरीवर बसली.

"लय दूर हाय वं माय ते विहीर. पाणी फेकू नोका. मी बसतो इथंच."

इतक्या दिवसांचं बोलणं साठलं होतं. म्हातारीनं घागर आत नेऊन झाकली आणि कोकिळेशेजारी पायरीवर टेकली.