नऊ गाण्यांत निघून गेलेली बायको

नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावात राहणाऱ्या माणसाने ब्लूजसारखी दुःखाची गाणी गाऊ नयेत. तिथे दुःख मिळतच नाही. रस्ते झाडलेले, शेजारी हळू बोलणारे, कुत्रीसुद्धा कारणाशिवाय भुंकत नाहीत. हेमचंद्रची तर आणखीच पंचाईत. जवळच्या आइंडहोवन शहरात कायमची नोकरी, गुडघे शाबूत, आणि बायको नंदा अशी की भांडणसुद्धा जेवण झाल्यावर काढायची.

तरीही इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलात शिकलेली गिटार त्याने तीस वर्षं सोडली नाही, आणि पन्नाशीला गावातल्या एका ब्लूज बँडमध्ये गायक म्हणून शिरलाच. बँडचा ड्रमर विलेम पेशाने प्लंबर. तीन कार्यक्रम झाल्यावर त्याने डच पद्धतीने, म्हणजे थेट तोंडावर, सांगितलं, “गिटार उत्तम. इंग्रजी गाणं भयंकर. तू अमेरिकेतल्या कापसाच्या शेतात राबून आल्यासारखा गातोस, पण आलेला असतोस मीटिंगमधून. तुझ्या भाषेत गा. तुझं दुःख गा.”

हेमचंद्रने आठवडाभर दुःख शोधलं. सापडेना, तेव्हा सरळ चोरलं. ब्लूजमध्ये बायको सोडून जाते, म्हणून त्यानेही नंदाला घालवली. ‘बायको गेली सोडून, बॅग भरून गेली.’ ब्लूजच्या रिवाजाप्रमाणे ही ओळ दोनदा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. तो हे गावातल्या कॅफेत पहिल्यांदा गायला त्या संध्याकाळी नंदा त्याच्यासाठी मेथी शोधत तीन दुकानं पालथी घालत होती.

कॅफेतल्या डच मंडळींना अक्षर कळलं नाही, पण दोन बायका रडल्या. झालं, गाडी सुटली. दोन वर्षांत बारा गाणी झाली आणि त्यांतल्या नऊ गाण्यांत नंदा घर सोडून गेली. कधी ट्रेनने, कधी टॅक्सीने, एकदा बर्फातून, एकदा तर सायकलवर कुत्र्याला पुढे बसवून. त्यांच्याकडे कुत्रा नव्हता. कॅफेच्या गोंगाटाने डोकं दुखतं म्हणून नंदा कधी ऐकायला गेली नाही. “काय गातोस रे?” असं तिने एकदा विचारलं होतं. “असंच, पारंपरिक,” म्हणून तो चटकन आंघोळीला गेला.

मग नंदा भाचीच्या लग्नासाठी पाच आठवडे पुण्याला गेली, आणि नेमकं त्याच काळात बँडला द हेगमधल्या उघड्या मंचावर गायला बोलावणं आलं. गर्दीत जयंती होती. आइंडहोवनच्या मराठी मंडळाची सगळी सूत्रं तिच्या हातात. दोन वर्षांत हेमचंद्रचे शब्द कळलेली ती पहिली श्रोता! तिच्या हातातलं आइस्क्रीम वितळून गेलं. नंदा पुण्याला गेलीय हे सगळ्यांना ठाऊक होतंच. ती कशी गेलीय ते आता कळलं. रात्र व्हायच्या आत व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर होता.

दुसऱ्या दिवसापासून डबे सुरू झाले. “भावोजी, काही बोलू नका. आधी खाऊन घ्या,” जयंती म्हणाली. हेमचंद्र खरं सांगणारच होता हो! पण डब्यात मटकीची उसळ होती, आणि भरल्या तोंडाने खुलासा करणं बरं दिसत नाही. तिसऱ्या दिवशी अळूवड्या आल्या. तेव्हा त्याने ठरवलं, की शनिवार-रविवार जाऊ दे, सोमवारी सांगू. असे चार सोमवार गेले.

नंदा विमानतळावर बॅगेची वाट पाहत होती, तेव्हा तिला जयंतीचा फोन आला. “परत आलीस, फार चांगलं केलंस गं. पुरुष बदलतात.”

त्या रविवारी नंदाने बँडच्या रेकॉर्डिंगमधली बाराही गाणी ओळीने ऐकली. मध्ये चहालासुद्धा उठली नाही. शेवटी कानातून हेडफोन काढून म्हणाली, “नऊ वेळा? मला एकदाही परत आणावंसं वाटलं नाही तुला?”

ती खरोखर दुखावली होती, आणि हे त्याला पहिल्यांदा दिसलं.

“तुमच्या बँडच्या ग्रोनिंगनमधल्या कार्यक्रमाला मी येणार,” ती म्हणाली. “दुसऱ्या रांगेत बसणार. गाण्यात मी एकदा जरी घर सोडलं, तर तिथूनच उठून जाईन. मग गात बस खुशाल. निदान खरं तरी असेल.”

ग्रोनिंगनचं ते त्याच्या आयुष्यातलं पहिलं खरंखुरं थिएटर होतं. तीनशे खुर्च्या, दुपारचा खेळ, सगळी तिकिटं गेलेली. हे जमलं तर पुढची दारं उघडणार होती. नाही जमलं तर पुन्हा गावातला कॅफे. तो मंचावर आला. दुसऱ्या रांगेत नंदा कोट न काढता, पर्स मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी जयंती.

त्याने घरून जुळवून आणलेलं गाणं सुरू केलं. ‘बायको माझी घरीच आहे, घरीच आहे.’ गिटारसुद्धा कंटाळली. तीनशे माणसं सभ्यपणे बघत राहिली. मागून विलेम डोळे वटारू लागला. हेमचंद्र थांबला. जुनं गावं तर नंदा जाणार, नवं गावं तर लोक जाणार.

आणि मग त्याच्या तोंडून निघालं ते भलतंच. नंदा नव्हती त्या पाच आठवड्यांतली ही गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती. ऐकायला होतं कोण?

“सकाळी दोन कप चहा टाकला, दोन्ही मीच प्यायलो.”

आवाज फाटला. त्याने तीच ओळ पुन्हा म्हटली, आणि तिसऱ्या ओळीआधी गिटार जरा वाजते तेवढ्यात सभागृहात नंदाचा आवाज घुमला.

“दोन्हीत साखर घातलीस?”

गेल्या वर्षी त्याला मधुमेह निघाल्यापासून साखरेचा डबा तिच्याच ताब्यात असायचा. तीनशे माना वळल्या. विलेमला वाटलं हे बसवलेलंच आहे. त्याने ड्रमवर एक जोरदार थाप दिली. हेमचंद्रने पाहिलं. नंदा कोटाच्या बाहीने डोळे पुसत होती आणि उत्तराची वाट बघत होती.

“एकातच घातली, नंदा,” तो गायला, “तुझ्या.”

“पण तोही तूच प्यायलास ना!” नंदा उभी राहून म्हणाली, आणि ते भांडण पुढची सात मिनिटं ड्रमच्या साथीने रंगलं.