पापण्या जड होण्याचं मराठी

मीनाक्षी चांदोरकरला दिवाळीच्या तोंडावर नागीण झाली. डाव्या बगलेखालून पाठीपर्यंत फोडांचा पट्टा उठला, खपल्या धरल्या, खपल्या पडल्या. दुखणं मात्र राहिलं. होळी झाली, कूलर लागले आणि उतरलेही, तरी त्या पट्ट्यावर कोणीतरी गरम इस्त्री टेकवून विसरून गेल्यासारखं व्हायचं. ब्लाउज टोचायचा. पंख्याचा वारासुद्धा टोचायचा. दिल्लीच्या द्वारकेतल्या त्यांच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये कोणी शेजारी येऊन उभं राहिलं की ती कमरेवर हात ठेवून डावं कोपर बाहेर काढायची. त्यामुळे सोसायटीत नव्याने आलेल्या लोकांचा ती भांडकुदळ असल्याचा समज झाला होता.

एका मंत्रालयात ती अनुवाद अधिकारी होती. इंग्रजीचं हिंदी आणि हिंदीचं इंग्रजी, सगळं आयुष्य तेच. नसांच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी दुखणं जरा बोथट व्हायचं आणि तीही. एकदा तिने 'डेड स्टॉक'चं, म्हणजे पडून राहिलेल्या मालाचं, हिंदी 'मृत पशुधन' असं केलं. ते परिपत्रक सह्या होऊन चार मजले फिरून आलं. कोणाच्याही लक्षात आलं नाही, आणि तिला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

गोळ्या वाढवायच्या नसतील तर संमोहन करून बघा, असं त्याच डॉक्टरांनी सुचवलं.

"संमोहन म्हणजे ते घड्याळ हलवतात ते?" सुधन्वाने विचारलं. सुधन्वा तिचा नवरा. तोही केंद्र सरकारातच, हिशेब तपासणीच्या खात्यात होता. त्याच्या आवाजात चढउतार असे नव्हतेच. मुलगी प्रणिता लहान असताना तो तिला राक्षसाची गोष्ट सांगायचा, तेव्हा राक्षस येतो कधी आणि जातो कधी हे तिला कळायचं नाही. ऑफिसात मात्र लांबलचक बैठकीचं इतिवृत्त वाचायला त्यालाच बोलवायचे, कारण तो वाचत असताना कोणी हरकत घेत नसे.

"घड्याळ नसतं. मानसोपचारच आहे तो."

"म्हणजे दुखणं मनाचं आहे?"

"असं मी म्हटलं का?"

"नाही. मी विचारतोय."

डॉक्टर सिम्रत भल्लांचं क्लिनिक गुरुग्राममध्ये एका टॉवरच्या नवव्या मजल्यावर होतं. बाई पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, पायात स्पोर्ट्स शूज. मीनाक्षीने पहिला प्रश्न तोच विचारला, नवऱ्याचा.

"नहीं जी," भल्ला म्हणाल्या. "नस को सच में चोट लगी है। दर्द सच्चा है। बस, दिमाग उसका वॉल्यूम फुल करके बैठ गया है। हम चोट नहीं हटा सकते। वॉल्यूम थोड़ा कम कर सकते हैं।"

मीनाक्षीला हे पटलं. सुधन्वा कोपऱ्यातल्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसला होता. त्याने पटल्याचं किंवा न पटल्याचं काही दाखवलं नाही.

भल्लांनी खोलीतला दिवा मंद केला. मग सावकाश, दोन शब्दांमध्ये भरपूर जागा सोडत त्या बोलायला लागल्या. "आपकी पलकें भारी हो रही हैं... साँस गहरी होती जा रही है..."

मीनाक्षीच्या पापण्या जड झाल्या नाहीत. डोळे मिटून ती मनात इंग्रजी करत होती. 'हेवी' ठेवावं की 'हेवियर'? 'होती जा रही है' म्हणजे क्रिया चालू आहे. भल्ला पुढच्या वाक्यावर जायच्या तेव्हा ती मागच्याचा दुसरा मसुदा करत असायची. शेवटी तिने डोळे उघडले आणि झालं ते सांगितलं.

"कोई बात नहीं, इंग्लिश में करते हैं," भल्ला म्हणाल्या.

इंग्रजीत केलं. ते आणखी वाईट. प्रत्येक वाक्य आपोआप सरकारी हिंदीत उतरत गेलं आणि 'पलकों के भार में उत्तरोत्तर वृद्धि' इथे मीनाक्षीला हसू फुटलं. हसल्यावर बरगडीत अशी कळ गेली की तिला खुर्चीचा हात धरावा लागला.

भल्लांनी चष्मा काढून पुसला. "घर में क्या बोलते हो?"

"मराठी."

"दफ़्तर में मराठी का काम?"

"कधीच नाही," मीनाक्षी चुकून मराठीतच म्हणाली. भल्लांना कळलं.

त्यांना मराठी येत नव्हतं आणि दिल्लीत मराठी बोलणारा संमोहन तज्ज्ञ त्यांच्या माहितीत नव्हता. त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. "सर, आप ज़रा कुछ बोलिए।"

"क्या बोलूँ?" सुधन्वा म्हणाला.

"बस, यही आवाज़," भल्ला म्हणाल्या. "इतनी सपाट आवाज़ मैंने आज तक नहीं सुनी। लोग ट्रेनिंग लेते हैं इसके लिए।"

हे कौतुक आहे का, हे सुधन्वाला ठरवता आलं नाही. परत येताना कॅबमध्ये तो त्यावर बराच वेळ विचार करत होता.

भल्लांनी दोघांना काही शनिवार बोलावलं. कुठे थांबायचं, तिचा श्वास कसा बघायचा, ती घाबरली किंवा रडू लागली तर काय करायचं, हे त्याला शिकवलं. मजकूर हिंदीत दिला आणि मराठी त्यानेच करावं, तिने बघायचंही नाही, असं बजावलं. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही कमी करायची नाही, हेही बजावलं.

पहिल्या संध्याकाळी मीनाक्षी बेडरूममध्ये उशांना टेकून बसली. सुधन्वाने शेजारी स्टूल ओढलं, घसा साफ केला आणि सुरुवात केली.

"तुझ्या पापण्या जड झालेल्या आहेत असं समज. श्वास खोल होत असल्याचं तुझ्या निदर्शनास येईल."

मीनाक्षीने ओठ घट्ट मिटले. पण हसू आलं नाही, आणि तिने वाक्य सुधारायलाही घेतलं नाही. घरातली भाषा होती. या भाषेत तिला कधी कोणाचं काही तपासून द्यावं लागलं नव्हतं. तो एका सुरात पुढे जात राहिला, आणि कधीतरी तिच्या लक्षात आलं की आपला हात मांडीवरून घसरलाय आणि तो उचलून ठेवावा असं वाटत नाहीये.

"दुखलं का?" संपल्यावर त्याने विचारलं.

"दुखत होतं. पण जरा लांब. शेजारच्या फ्लॅटमध्ये टीव्ही चालू असावा तसं."

"अच्छा," सुधन्वा म्हणाला आणि स्टूल जागेवर ठेवायला गेला.

मजकुरात एक वाक्य होतं: 'आप सुरक्षित हैं, मैं आपके साथ हूँ।' सुधन्वाने पहिल्या दिवशी ते गाळलं होतं. दुसऱ्या दिवशीही. भल्लांनी फोनवर विचारलं तेव्हा त्याने ते कबूल केलं. तिसऱ्या दिवशी त्याने ते म्हटलं, "तू सुरक्षित आहेस, मी इथे आहे," बैठकीला हजर असलेल्यांची नावं वाचावीत तशा आवाजात. मीनाक्षीचे डोळे मिटलेलेच होते. एका डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी आलं. रडू आलं तर काय करायचं हे त्याला शिकवलेलं होतं. काहीच करायचं नव्हतं, फक्त बोलत राहायचं होतं. तो बोलत राहिला.

पुढच्या टप्प्यात एक जागा लागणार होती. तिला जिथे अगदी निवांत वाटलं अशी खरी जागा. ती तिने निवडायची आणि तिचं वर्णन त्याने करायचं. जेवताना त्याने विषय काढला. त्याच्या मनात मसुरी होती. लग्नानंतर ते तिथे गेले होते आणि धुक्यामुळे काहीही दिसलं नव्हतं, तरी मसुरीच.

"हॉस्टेलची खोली," मीनाक्षी म्हणाली.

"कुठलं हॉस्टेल?"

"लग्नाआधी राहायचे ते. नोकरी करणाऱ्या बायकांचं. मंडी हाउसपाशी."

"तिथे काय होतं?"

"पलंग. टेबल. भिंतीत कपाट. थंडीत दुपारी पलंगावर ऊन यायचं."

"आणि कोण होतं?"

"कोणी नाही."

"रूममेट?"

"सिंगल रूम होती. दार लावलं की कोणी नाही. हाक मारणारंसुद्धा कोणी नाही."

सुधन्वाने पोळीचा तुकडा मोडला. "म्हणजे मी तिथे नाही."

"तेव्हा तुम्ही नव्हतातच ना. मी तुम्हाला ओळखत कुठे होते?"

"ते बरोबर आहे," तो म्हणाला. आणखी थोडी आमटी घेतली. मग म्हणाला, "पंखा होता का?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून त्याचा फोन आला. पलंगावरची चादर कसली होती? त्यानंतर पुन्हा. खाली रस्ता होता की बाग? वास कसला यायचा? मीनाक्षी मिटिंगमध्ये होती. तिने बाहेर येऊन हळूच सांगितलं, "ओल्या वेण्यांचा. सगळ्या बायका रविवारी न्हायच्या आणि गच्चीवर बसायच्या." पलीकडे तो लिहून घेत असावा. "ओल्या वेण्यांचा," तो म्हणाला. "ठीक."

त्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी सुधन्वा चांदोरकर बायकोला एका खोलीत नेऊन सोडत असे. दार तो बाहेरून लावून घेई. तसं मजकुरातच त्याने लिहिलं होतं: "दार लागलं आहे. बाहेर कोणी नाही. तुला कोणी हाक मारणार नाही." हे म्हणताना त्याला काय वाटायचं ते त्याने कोणाला सांगितलं नाही. प्रणिताने हैदराबादहून फोनवर विचारलं, "बाबा, तुम्ही आईला हिप्नोटाइज करता? सीरियसली?" तेव्हा तो म्हणाला, "वाचून दाखवतो."

दुखणं गेलं नाही. पण जानेवारीत मीनाक्षीने लोकरीचा स्वेटर घातला आणि दुपारपर्यंत तो काढायचं तिला आठवलं नाही. नसांच्या डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. तिचा मेंदू थोडा चालू लागला, आणि तो चालू लागल्यावर तिने पहिलं काम काय केलं तर मृत पशुधनाचं शुद्धिपत्रक काढलं.

एका रविवारी सुधन्वा म्हणाला, "ती खोली बघून येऊ या का?"

"कशाला?"

"मी तिच्याबद्दल इतकं बोलतो. न बघता बोलणं बरं नाही."

हॉस्टेल होतं तिथेच होतं, फक्त रंग बदलला होता. फाटकावरच्या गार्डने मीनाक्षीचं म्हणणं ऐकून घेतलं, आत वॉर्डनला विचारून आला आणि म्हणाला, "मैडम जा सकती हैं। जेंट्स अलाउड नहीं।"

"मैं हस्बैंड हूँ," सुधन्वा म्हणाला.

"सब कुछ न कुछ होते ही हैं, साहब।"

सुधन्वा फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर थांबला. चहा घेतला. तिची खोली होती त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या एकेक करून बघितल्या. एखाद्या खिडकीतून तिने खाली पाहिलं तर आपण हात करावा की नाही, यावर विचार केला. तिने पाहिलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा डावं कोपर पुन्हा बाहेर काढलेलं होतं.

"भिलाईची मुलगी राहते तिथे. बँकेत आहे. चांगली आहे. पलंगावर बसा म्हणाली."

"मग?"

"बसले. ऊन होतं, सगळं होतं. आणि इतकं दुखायला लागलं अहो, की उठावंच लागलं."

"खऱ्या खोलीत?"

"खऱ्या खोलीत."

"डॉक्टर भल्लांना सांगायला हवं," सुधन्वा म्हणाला. मग तिच्या पर्सचा पट्टा तिच्या खांद्यावरून काढून स्वतःच्या खांद्यावर घेतला. पर्स लाल होती. दोघं मेट्रोकडे चालू लागले.

प्लॅटफॉर्मवर रविवारची गर्दी होती. तो तिच्या डाव्या बाजूला, धक्का लागू नये एवढं अंतर ठेवून उभा राहिला.

"ती खोली आता नको," मीनाक्षी म्हणाली. "दुसरी जागा घेऊ."

"कुठली?"

"सांगते. आधी बसायला मिळू दे."

गाडी आली. द्वारकेपर्यंत बसायला मिळालं नाही, म्हणून तिने उभ्या उभ्याच सांगितलं. सुधन्वा खांबाला धरून ऐकत होता. मध्येच त्याने विचारलं, "तिथे पंखा आहे का?"

"आपल्या सोसायटीच्या गच्चीवर कसला पंखा?" ती म्हणाली. "आणि या वेळी तुम्ही आहात तिथे. पण बोलत नाही आहात."