न दिसणारी भिंत

"काका, ब्रश ठेवा खाली. ही भिंत रोलरनेच करायची," आनंद म्हणाला. "एक रेघ जरी उमटली तरी कॉम्प्युटरला ती दिसते."

परशुरामने ब्रश पाण्याच्या डब्यात बुडवला आणि भिंतीकडे पाहिलं. वागळे इस्टेटमधल्या त्या स्टुडिओची ती भिंत खाली येता येता गोल वळून जमिनीत मिसळली होती. कोपरा म्हणून नव्हताच. सगळं निळं करायचं होतं, भिंतही आणि जमीनही. ढग नाहीत, तारे नाहीत, नुसतं निळं. एवढी वर्षं रंगात घातलेल्या माणसाला असलं काम सांगणं म्हणजे हलवायाला नुसतं पाणी उकळायला बसवण्यासारखंच होतं.

"मग राजवाडा कुठं काढायचा?" त्याने विचारलं.

"काढायचा नाही. तो कॉम्प्युटरमध्ये तयार आहे. व्हर्च्युअल सेट म्हणतात याला. बाई या भिंतीपुढे उभी राहील आणि टीव्हीवर राजवाड्यात दिसेल. ही भिंत कुणाला दिसणारच नाही." आनंद नौपाड्याचा, शिकलेला आणि स्वभावाने सरळ मुलगा. चॅनेलचे प्रोमो तोच करायचा. जरा थांबून तो हळू आवाजात म्हणाला, "काका, दिवाळीचा हा प्रोमो धड झाला ना, की भिंत सांभाळायला तुम्हालाच कायम ठेवायचं, असं मी मालकांना सांगून ठेवलंय. एका माणसाची जागा आहे."

एका माणसाची. गणपतीपर्यंत तिथे सुतार होते, पेंटर होते, थर्मोकोल कापणारे होते. दौलत सुताराने मागच्या महिन्यात हत्यारांची पेटी उचलली आणि तो खडवलीला भावाच्या घरी निघून गेला. जाताना म्हणाला, "परश्या, मशीनला लाकूड लागत नाय रे." आपलंही काम गेलं तर काय, हा विचार तेव्हापासून परशुरामच्या मानेवर बसला होता. पन्नाशीत नवं काम कोण देणार? आणि खाडीत जाळं टाकायचं म्हटलं तर खाडीत तरी आता काय उरलं होतं?

चेंदणी कोळीवाड्यात परशुरामचा मान होता तो रंगामुळे. ऐन तारुण्यात टेंभी नाक्याला नवरात्रात देवीमागे त्याने असा महाल रंगवला होता, की एक म्हातारी त्याच्या पायऱ्या चढायला गेली म्हणतात. पुढे टीव्ही आला आणि परशुराम सेटवर लागला. मग कोळीवाड्यात मालिका बघायची रीतच निराळी झाली. हिरॉईन रडायला लागली की कोणीतरी ओरडायचं, "अगो बाय, सरक जरा, आमच्या परश्याचा खांब दिसूं दे!" आणि सगुणा, त्याची बायको, मासळी बाजारात गिऱ्हाइकाला पापलेटाबरोबर नवऱ्याचं कौतुकही फुकट द्यायची.

भिंत झाली. रोलरने तर रोलरने, पण अशी झाली की आनंदने तिच्यावरून हात फिरवला आणि नुसतीच मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. स्टुडिओत कॅमेऱ्यांना झेंडू वाहिले, दिव्यांना वाहिले, नव्या कॉम्प्युटरलाही कुणीतरी भीतभीत हार घातला. सगळे पेढे घेऊन पांगल्यावर परशुरामने आपले ब्रश ओळीने मांडले. त्याची एक रीत होती. रंगवलेल्या प्रत्येक सेटला तो खंडेनवमीला कुंकवाची पाच बोटं ओढायचा, पण मागच्या बाजूने, कोऱ्या प्लायवूडवर, कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशी. या भिंतीला मागची बाजूच नव्हती. मागे होता कारखान्याचा रस्ता आणि गटार.

तो कुंकवाची वाटी घेऊन तसाच उभा राहिला. भिंतीला तसंच सोडायचं जिवावर आलं. आयुष्याची भाकरी जिच्या हातात, तिलाच कुंकू नाही? मग त्याला आनंदचे शब्द आठवले. ही भिंत कुणाला दिसणारच नाही. आता भिंतच दिसायची नाही, तर तिच्यावरचं कुंकू कुठून दिसणार? रेघ नको ती ब्रशची, एवढंच त्याने धरलं होतं, त्यामुळे त्याला ते अगदी पटलं. उजवीकडे खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, त्याने पाच बोटं ओढली, नमस्कार केला आणि तो हलक्या मनाने घरी गेला.

दसऱ्याला शूटिंग होतं. भरजरी शालू नेसलेली हिरॉईन हातात निरांजन घेऊन उभी राहिली, दिवे लागले, आणि मॉनिटरवर निळं जाऊन संगमरवरी राजवाडा उभा राहिला. परशुराम मागून बघत होता. राजवाडा सुंदर होता, हे त्याला मनातल्या मनात कबूल करावंच लागलं. तेवढ्यात त्याची नजर उजवीकडे खाली गेली. राजवाड्याच्या पायऱ्यांवर, हवेत, लाल पाच बोटं लटकत होती.

नाहीसा व्हायचा होता तो फक्त निळा रंग. कुंकू नाही. एवढी साधी गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती आणि त्यानेही विचारली नव्हती.

"काय आहे ते? रक्त?" हिरॉईनने विचारलं. कुणीतरी हसलं. परशुराम ओलं फडकं घेऊन धावला, पण पुसताना कुंकू पसरलं. मग रंग लावला, तर ओला डाग मॉनिटरवर ढगासारखा हलायला लागला. तो वाळेपर्यंत थांबायला बाईंना वेळ नव्हता, त्यांना विमान गाठायचं होतं. दुसऱ्या दिवशीची तारीख महत्प्रयासाने मिळाली.

मालक खाली आले. "कोणी केलं हे? आणि भिंतीला हात लावायला सांगितलं कोणी?"

परशुरामने आनंदकडे पाहिलं. आनंद मॉनिटरकडे बघत होता, त्याचे कान लाल झाले होते. 'आनंदसाहेबच म्हणाले, दिसणार नाही' एवढं वाक्य ओठांवर होतं. ते बोललं असतं तर त्या पोराचं काय झालं असतं, हेही परशुरामला कळत होतं.

"चूक माझी हाय," तो म्हणाला. "मला समजलं नाय."

डाग वाळला. आपल्याच कुंकवावरून त्याने शेवटचा रोलर फिरवला. जागा दुसऱ्याला मिळाली. फाटकापर्यंत सोडायला आलेल्या आनंदने त्याचा हात धरला. परशुराम म्हणाला, "ऱ्हाऊ द्या साहेब. भिंतीला पाणी लागू देऊ नका, फुगेल."

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी शेजारपाजारच्या बायका-पोरं त्याच्या घरी टीव्हीपुढे जमली होती. प्रोमो लागला. हिरॉईन निरांजन घेऊन पायऱ्या उतरू लागली.

"परश्या, खांब काय झ्याक काढलेस रं!" शेजारची म्हातारी आवडाबाई म्हणाली.

"माझं नाय ते. कॉम्प्युटरचं हाय."

"मंग तुझं काय?"

"मागची भिंत."

"कुठं हाय भिंत?"

"दिसत नाय ती."

सगळे हसले. त्यालाही हसावं लागलं. सगुणा हसली नाही. तिला सगळं ठाऊक होतं. पूजेचा करंडा तिच्या हातात होता. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "बोटं कुठं ओढलेली?"

परशुराम उठला. टीव्हीच्या काचेवर, उजवीकडे खाली, त्याने जागा दाखवली. सगुणाने कुंकू ओलं केलं आणि तिथे पाच बोटं ओढली. राजवाड्यात, पायरीवर. हिरॉईन त्या बोटांच्या मागून चालत गेली.

प्रोमो संपला. साबणाची जाहिरात आली, मग बातम्या आल्या. ती पाच बोटं बातम्या देणाऱ्या माणसाच्या कोटावर तशीच होती. एक पोरगी पुसायला उठली.

"ऱ्हाऊ दे," परशुराम म्हणाला. "ओलं हाय अजून. हात लावू नको."