कुंडीवरची फरशी

ओमानच्या त्या उघड्याबोडक्या राखीव डोंगरावर ताहर, म्हणजे तिथल्या रानशेळ्या, उरल्या होत्या किती? तर एक मादी आणि तिचं पिल्लू. राखणदार हुमैदचा सगळा जीव त्या दोघांत अडकलेला. उन्हाळ्यात झरे आटले, पाणी राहिलं ते खडकातल्या एका कुंडीत. तिच्या तोंडावरची दगडी फरशी हुमैदनं स्वतः बाजूला सारली आणि गावात बजावलं, "कोणी झाकाल तर याद राखा."

भाचीच्या लग्नासाठी तो चार दिवस खाली उतरला. परत येऊन बघतो तर मादी कुंडीपाशीच मरून पडलेली. फरशी कुंडीवर घट्ट बसवलेली, तिच्या कडेला खुरांनी खरवडल्याच्या पांढऱ्या रेघा. पिल्लू आईच्या पोटात तोंड खुपसून मेलं होतं. हुमैद मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडला.

रडून झाल्यावर डोकं तापलं. तो तडक घरी आला. म्हातारा बाप सुवैदान अंगणात खजूर निवडत होता.

"बाबा, कुंडी तुम्हीच झाकलीत. तुमची ती जुनी खोड जाणार कधी?"

"माझे गुडघे बघ, आणि मग बोल. ईदपासून वर चढलोय का मी?"

"मग झाकली कोणी?"

म्हाताऱ्यानं खजूर खाली ठेवला. "निघताना तिथं पाणी कोण प्यायलं?"

हुमैदला आठवलं. तो प्यायला होता. तोंड पुसलं होतं, आणि दोन्ही हात आपोआप फरशीला लागले होते. इथला माणूस पाणी पिऊन कुंडी उघडी टाकत नाही, मागून येणाऱ्याच्या पाण्यात घाण पडू नये म्हणून. एवढी साधी माणुसकी. जळली मेली ती माणुसकी!

"पाच वर्षांचा होतास," बाप हळूच म्हणाला. "एकदा उघडी ठेवलीस म्हणून मीच तुला बडवलं होतं. दोष माझ्यावर घाल, बाळा."

"नको बाबा. हात माझे होते."

त्यानं राखीव डोंगराच्या खात्यातल्या साहेबांना फोन लावला आणि दोन्ही ताहर मेल्याचं सांगितलं.

"कशानं मेल्या?" साहेबांनी विचारलं.

"तहानेनं."

"अरे, पण कुंडीत पाणी होतं ना?"

"काठोकाठ होतं, साहेब. मीच झाकून गेलो."

साहेब म्हणाले, "बरं. उद्या कामावर ये, मग बोलू."

"येतो," हुमैद म्हणाला. "पण राखण आता कोणाची करू, साहेब?"