एकशे बाराव्या पानावरचा माणूस

लेखकरावांच्या कादंबरीतला माणूस एकशे बाराव्या पानावर हात वर करून उभा होता, त्याला आता साडेचार महिने झाले होते. तुम्ही म्हणाल, एवढा वेळ हात वर धरून कोण उभं राहतं? हा राहिला. थंडी सरली, ऊन चढलं, लेखकरावांच्या खिडकीतल्या कुंडीत एक रोप उगवून, फुलून, वाळूनही गेलं. पण या पठ्ठ्याचा हात काही दारावर पडेना. त्याच्या काखेत एका कोळ्याने बिऱ्हाड थाटलं होतं आणि आता तिथे त्याची नातवंडं नांदत होती, असं म्हणतात. खरंखोटं कोळ्याला ठाऊक.

दोष त्या माणसाचा नव्हता. नऊ वर्षांपूर्वी बायकोला एका शब्दाने न सांगता तो घरातून निघून गेला होता. आता परत आला होता. तीन जिने चढून, धापा टाकत दारासमोर पोचला होता. दार वाजवायचं, तिने उघडायचं आणि त्याने पहिलं वाक्य बोलायचं, एवढंच राहिलं होतं. त्या वाक्यापाशीच लेखकरावांचं घोडं अडलं. नऊ वर्षं ज्यात मावतील असं वाक्य त्यांना हवं होतं. एकेचाळीस वाक्यं लिहून झाली. एक इतकं भारदस्त होतं की ते पुरं करायला त्या माणसाला मध्ये दोनदा जिन्यावर बसावं लागलं असतं. एक इतकं नाजूक की दार उघडताना आलेल्या झुळकीनेच उडून गेलं असतं. लेखकरावांनी पेन बदललं, चष्मा बदलला, टेबल खिडकीपासून भिंतीकडे नेलं आणि भिंतीपासून परत खिडकीकडे आणलं. टेबलाच्या पायांनी फरशीवर बैलगाडीची चाकोरी पडली. वाक्य मात्र आलं नाही.

शेवटी एका दुपारी त्यांनी प्रकाशकाला पत्र लिहिलं: कादंबरी पुरी होणार नाही; यापुढे माझ्याकडून लेखन होणार नाही; झालेली शेवटची दोन पानं सोबत जोडली आहेत, बाकीची आपल्याकडे आहेतच. ते पत्र आणि ती दोन पानं घेऊन ते जिना उतरून खाली वहिनींच्या दुकानात गेले.

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. घराच्या तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूला त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. एक टेबल, एक जुना टाइपरायटर, गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या, आणि बाहेर पाटी: अर्ज, तक्रारी, करारनामे टाइप करून मिळतील. एकतीस वर्षांत वहिनींनी एक अक्षर चुकवलेलं नव्हतं, आणि त्याचं गुपित त्या कुणालाही सांगत. "मी वाचत नाही. डोळे कागदावर, बोटं बटणांवर आणि जीव घरात. वाचायला गेलं की बोट अडखळतं."

लेखकरावांची सातही पुस्तकं त्यांनीच टाइप केली होती. कुणी विचारलं, यातलं चांगलं कुठलं, तर म्हणायच्या, "तिसरं. त्यात जोडाक्षरं कमी होती."

घरातले सगळे हसत. लेखकरावही हसत. पण आपला शब्द न् शब्द ज्या माणसाच्या हाताखालून जातो, त्याने त्यातला एकही वाचलेला नाही, हे त्यांच्या मनात कुठेतरी चपलेतल्या खड्यासारखं होतं.

"या भावोजी," वहिनी म्हणाल्या. "सुटला का तुमचा माणूस? काल जेवतानासुद्धा तुम्ही घास धरलेला हात तसाच वर ठेवला होतात."

"नाही सुटला. आणि सुटणारही नाही. हे पत्र टाइप करा."

वहिनींनी कागद चढवला आणि खडखडाट सुरू झाला. लेखकराव त्यांच्या बोटांकडे बघत उभे राहिले. 'यापुढे माझ्याकडून लेखन होणार नाही' हे वाक्य आलं आणि गेलं. बोटं तसूभरही थबकली नाहीत. रेशनकार्डावरचा पत्ता बदलावा, त्याच वेगाने.

"घ्या. सही करा."

"उद्या करतो," लेखकराव म्हणाले. त्यांना एकाएकी दमल्यासारखं झालं. "आता ही दोन पानं घ्या. पत्रासोबत जोडायची आहेत. मी सकाळी येऊन नेतो."

"ठेवा तिथे. आधी हे बसलेत."

खुर्चीत पलीकडच्या इमारतीतले निवृत्त हेडमास्तर बसले होते. दोन वर्षांपासून त्यांच्या स्वयंपाकघराचं छत गळत होतं आणि दोन वर्षांपासून ते घरदुरुस्तीच्या कचेरीला अर्ज करत होते. हा चौदावा.

"वरचा भाडेकरू दाद देत नाही, कचेरी दाद देत नाही," हेडमास्तर म्हणाले. "तेरा अर्ज कुठे गेले कुणास ठाऊक. त्यांची होडी करून सोडली असती तर आत्तापर्यंत समुद्राला लागली असती."

लेखकराव कसंनुसं हसले आणि वर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी दुकानाच्या मागे पाणी भरत होत्या. लेखकरावांनी टेबलावरचं आपल्या नावाचं पाकीट उचललं, वर नेलं आणि खिडकीपाशी उघडलं. पत्र त्यात नव्हतं. ते सहीसाठी खालीच राहिलं असणार. एकशे अकरावं पान ठीक होतं. त्याचा शेवट असा होता: 'जिना संपला. त्याने कपाळावरचा घाम पुसला, तो दारासमोर आला, आणि'

लेखकरावांनी पान उलटलं.

'छतामधून मागील दोन वर्षांपासून पाणी ठिबकत असून खाली बादली ठेवल्याशिवाय आम्हांस झोप लागत नाही. वरील न्हाणीघरातील नळाचा वायसर बदलल्यास सदर त्रास थांबेल. तरी आपण एकदा समक्ष येऊन पाहावे, ही नम्र विनंती. आपला विश्वासू.'

लेखकरावांनी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्यांच्या कपाळावरची शीर उडायला लागली. दुसऱ्यांदा त्यांना तो माणूस दिसला. नऊ वर्षं बेपत्ता, हात वर केलेला, बायकोसमोर उभा राहून म्हणतोय, आपला विश्वासू! साडेचार महिन्यांत ते पहिल्यांदा हसले, आणि इतके हसले की खुर्ची आपण होऊन टेबलापासून दोन वीत मागे सरकली. मग तो कागद घेऊन ते तडक खाली गेले.

"वहिनी, हे काय?"

"काय ते?"

"तुमची चूक."

"मी चुकत नाही," असं म्हणत वहिनींनी कागद घेतला. चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. मग त्या सावकाश खुर्चीत बसल्या. "अगं बाई. हा मास्तरांच्या अर्जाचा शेवट. मग तुमचं शेवटचं पान?"

"मास्तरांच्या अर्जात, दुसरं काय!"

"अर्ज तर कालच गेला. कचेरी बंद व्हायच्या आत द्यायचा म्हणून मास्तर हातातून ओढून घेऊन पळाले."

"एकतीस वर्षांत पहिल्यांदा," लेखकराव म्हणाले. चिडायचं होतं, पण वहिनींचा चेहरा बघून त्यांना ते जमेना. "झालं तरी काय?"

वहिनी टाइपरायटरचं आवरण चारी बाजूंनी सारखं करत राहिल्या.

"वाचलं मी," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तेच पान. काल तुम्ही वर गेलात, मास्तरांचा अर्ज झाला, ते पाकीट आणायला गेले आणि मला राहवेना. म्हटलं, बघावं तरी, कुणापायी आमचे भावोजी असे हातपाय गाळून बसलेत. टाइप करता करता वाचलं. तो उभा आहे, हात उचललेला, आत तिच्या चपलांचा आवाज येतोय, दारापाशी येऊन थांबतोय... आणि पान संपलं! मी कागद उलटून बघितला. कोरा. खाली पडलाय का म्हणून टेबलाखाली वाकून बघितलं. तेवढ्यात मास्तर म्हणतात, द्या माझा अर्ज. हाताला आलं ते दिलं." त्यांनी मान वर केली. "आता सांगा, काय बोलला तो?"

"मला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही? मग काय मास्तरांना माहीत?"

"तेच तर शोधतोय साडेचार महिने."

"बरं, जाताना काय सांगून गेला होता?"

"काहीच नाही. न सांगता गेला. तसंच लिहिलंय मी."

"खोटं लिहिलंय," वहिनी ताडकन म्हणाल्या. सातव्या पुस्तकापर्यंत ज्यांनी एक शब्द उच्चारला नव्हता, त्या आता थांबेनात. "असं कुणी जातं का, भावोजी? तुमचे बंधुराज नुसते कोपऱ्यावर जातात तरी 'आलोच' म्हणतात. दोन तासांनी उगवतात ती गोष्ट वेगळी. माणूस काहीतरी सांगूनच जातो. मोठं काही नाही, आपलं काहीतरी. अमकं घेऊन येतो, तमकं बघून येतो. आणि बाई तेच धरून बसते."

लेखकराव हातातल्या कागदाकडे बघत होते. बादली. नळ. वायसर.

तेवढ्यात दारातून हेडमास्तर आले. आले म्हणजे जवळजवळ उडतच आले.

"बाई! आज आठच्या ठोक्याला कचेरीतले साहेब स्वतः दारात! सोबत नळवाला, पान्यासकट! वरचा दाढी करत होता, तसाच त्याला त्यांनी धारेवर धरलं, नळ दुरुस्त, गळती बंद! दोन वर्षांची बादली उचलून ठेवली मी. खाली फरशीवर तिचं वर्तुळ उमटलंय, ते आता जन्मात जायचं नाही."

"मास्तर, अर्ज देण्याआधी वाचलात का?" वहिनींनी हळूच विचारलं.

"चौदावा अर्ज, बाई! पाठ आहे मला," हेडमास्तर म्हणाले. मग जरा घुटमळले. "पण एक कळलं नाही. साहेब जाताना मला बाजूला घेऊन विचारतात, 'मास्तर, दार उघडलं का हो तिने?' मी म्हटलं, कुठलं दार? तर म्हणे, 'तुम्हीच लिहिलंय की. कचेरीत सगळ्यांनी वाचलं. हेडक्लार्क म्हणतात उघडेल. शिपाई म्हणतो, मी असतो तर उघडलं नसतं. दोघं एकमेकांशी बोलत नाहीयेत. तुमचं काम केलं, आता पुढचं पान तेवढं द्या.' बाई, हा माणूस बरा आहे ना?"

वहिनींनी दिराकडे पाहिलं. दीर तिथे नव्हताच. म्हणजे होता टेबलापाशीच, पण ऐकत नव्हता. त्यांनी वहिनींच्या डबीतली पेन्सिल उचलली होती आणि ते कागद शोधत होते. टेबलावर सुटा कागद एकच होता, प्रकाशकाचं बिनसहीचं पत्र. त्यांनी ते उलटं केलं आणि उभ्या उभ्याच लिहायला लागले.

"भावोजी, खुर्ची..."

"श्श!" म्हणाले ते. आयुष्यात पहिल्यांदा वहिनींना कुणी श्श म्हटलं, आणि वहिनी गप्प बसल्या.

पेन्सिल थांबली तेव्हा कागदाची पाठ अर्धी भरली होती. वहिनींनी काही न विचारता तो कागद टाइपरायटरशेजारी ठेवला, यंत्रात कोरा कागद चढवला आणि खडखडाट सुरू केला. हेडमास्तर खुर्चीच्या काठावर बसले. लेखकराव खिडकीपाशी उभे राहून रस्ता बघायला लागले. निदान तसं दाखवायला लागले.

दार उघडलं, असं पानावर होतं. ती थोडी जाड झाली होती. तिचे हात ओले होते. त्याने खिशात हात घातला आणि नऊ वर्षांपूर्वी जे आणायला म्हणून तो निघाला होता, ते तळहातावर धरलं.

'वायसर मिळाला,' तो म्हणाला.

ती त्या रबराच्या चकतीकडे बघत राहिली.

'तो नळ मी कधीच बदलला,' ती म्हणाली. दार मात्र तिने लावलं नाही.

खडखडाट बंद पडला.

लेखकरावांनी मागे वळून पाहिलं नाही. यंत्र इतका वेळ बंद राहिलं की बाहेरून जाणाऱ्या पोस्टमनने यंत्र बिघडलं की काय म्हणून मान आत घालून पाहिलं. मग एक बटण वाजलं. मग नाक ओढल्याचा आवाज. मग चुकीच्या बटणाचा आवाज; एकतीस वर्षं बरोबरच बटणं ऐकलेल्या माणसाला तो लगेच ओळखू येतो.

"अर्धंच आहे," वहिनी शेवटी म्हणाल्या. "आत घेते की नाही ती?"

"बघू."

"बघू काय, बघू! मला आज टाइप करायचंय."

"मलासुद्धा कचेरीत उत्तर द्यायचंय," हेडमास्तर म्हणाले. त्यांनी अजून एकही पान वाचलेलं नव्हतं, पण कचेरीशी भांडण नको होतं.

"मग कागद द्या ना," लेखकराव म्हणाले. "एका पत्राच्या पाठीवर मी किती लिहू?"

वहिनींनी ड्रॉवरमधून कोऱ्या कागदांचा अख्खा गठ्ठा काढून त्यांच्या हातात ठेवला. जिना चढताना लेखकरावांनी टाइप केलेलं पान वाचून पाहिलं. त्यात सात चुका होत्या. एका ठिकाणी तर अख्खी ओळ दोनदा आली होती. त्यांनी एकही दुरुस्त केली नाही. पान तसंच एकशे बाराव्या पानाच्या हस्तलिखितावर ठेवलं, खुर्ची टेबलापाशी ओढली आणि पुढचा कागद घेतला.

तो माणूस हात खाली घेऊन आत गेला. कोळ्याच्या नातवंडांना मात्र भर दुपारी बिऱ्हाड हलवावं लागलं.